बाराच्या बारा जणी

"सर, खारीचं घड्याळ तिच्या मावशीनंच का धरलं होतं?"

प्रश्न भिंगरीच्या तोंडून सुटला आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मागे तिच्या मैत्रिणीनं, रेडिओनं तोंडात रुमाल कोंबला. ढापण्या उगाचच चष्मा पुसू लागला. पैज त्या दोघांचीच होती ना! "सगळ्यांसमोर विचारून दाखव, तर तुला मानलं!"

आणि पैज म्हटल्यावर भिंगरी मागे हटते काय? गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही तिचा आवाज फुटत नसे. यंदा मात्र जिभेला चाकं लागली होती. शिवाय आज तिच्या हातात आलेख होता! सुट्टीतल्या वर्गात गणिताच्या बाईंनी प्रत्येकाला एका खेळाचे आकडे गोळा करायला सांगितले होते. भिंगरीनं घेतली होती क्लबच्या मुलींची शंभर मीटरची शर्यत.

"हे बघा सर! महिन्यापूर्वी खार १४.६ सेकंदांत धावली. कालच्या निवड चाचणीत १३.८! महिन्यात आठ दशांश सेकंद? आकडे खोटं बोलत नाहीत, सर!"

प्रशिक्षक सरांनी कागदाकडे पाहिलं, मग खारीच्या मावशीकडे. मावशी दवाखान्यात परिचारिका होती. सुट्टी असली की क्लबला मदत म्हणून यायची, धावण्याची वेळ मोजायला घड्याळ धरायची. तिनं गळ्यातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, खारीचा हात धरला आणि दोघी फाटकातून बाहेर पडल्या. खारीनं एकदाच वळून पाहिलं. कुणाकडे, ते भिंगरीला नीट कळलं.

संध्याकाळी फळ्यावर कागद लागला. 'चौकशी होईपर्यंत' खारीचं नाव चौघींच्या रिले संघातून बाद. तिच्या जागी यादीतली पाचवी मुलगी.

पाचवी होती भिंगरी!

घरी आनंदीआनंद. बाबा लगेच नवे बूट घेऊन आले, निळ्या पट्ट्यांचे. आई ताट वाढता वाढता म्हणाली, "ज्या कुणी ती शंका काढली, त्याचं भलं होवो! नाहीतर माझ्या पोरीवर अन्याय झाला असता."

भिंगरीनं घास गिळला. ओठावर आलेलं वाक्यही त्याच्याबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर ती नळावर पाणी पीत होती, तर समोर खार. क्लबचा सदरा परत करायला आली होती. नीट धुतलेला, इस्त्री केलेला. भिंगरीला वाटलं, आता ही भांडेल. निदान तोंड तरी फिरवेल!

खारीनं खाली पाहिलं. "तुझे बूट छान आहेत," ती म्हणाली आणि निघून गेली.

टोमणा असता तर बरं झालं असतं. भिंगरीनं टोमण्याला सवाई टोमणा हाणला असता. पण ते वाक्य खरंखुरं होतं, आणि म्हणूनच दिवसभर ते बुटात शिरलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

वर्गात बाईंनी तिची वही उघडली. बराच वेळ बघून विचारलं, "ही एकच रेघ? बाकीच्या अकरा जणी कुठे गेल्या?"

"त्यांच्यात काही विशेष नव्हतं, बाई."

"बघितलंस?"

भिंगरी पेन्सिलीचं टोक चावू लागली.  

"आकड्याला एकटं गाठून त्याच्यावर आळ घेऊ नये गं," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. "आधी त्याचा शेजारपाजार बघावा."

त्या दुपारी तिघं क्लबच्या ओसरीवर नोंदवह्या पसरून बसली. ढापण्या आकडे वाचायचा, भिंगरी वजाबाकी करायची, आणि रेडिओ तोंड चालवायची.

"तुझे स्वतःचे आकडे सांग," ढापण्या म्हणाला.

"महिन्यापूर्वी १४.५. चाचणीत १४.१. चार दशांश कमी. मी मेहनत केली होती!"

"कप्तान ताई?"

"तीन दशांश."

"ती वेणीवाली?"

"पाच."

"ती सदान्‌कदा पाय मुरगळणारी?"

"चार! पण ही तर महिनाभर घरी बसून होती!"

रेडिओ उठून उभीच राहिली. "म्हणजे बाराच्या बारा जणी एकाच दिवशी वेगवान झाल्या? पाण्यात काय घातलं होतं कुणी?"

भिंगरीच्या हातातली पेन्सिल थांबली. सरासरी काढली तर चार दशांशांच्या आसपास. "दोनशे मीटरची वही दे!" ती ओरडली. त्याच दिवशी, त्याच मुली, तीच घड्याळं. आणि तिथे? तिथे कुणी जरासं पुढे, कुणी जरासं मागे. सरासरी जवळजवळ जागच्या जागी!

"मुली त्याच, घड्याळं तीच," ढापण्या हळूच म्हणाला. "मग बदललं काय?"

"मैदान!" तिघं एकदम ओरडली.

बातम्यांसाठी रेडिओला कुठे जावं लागत नसे, बातम्याच तिच्याकडे येत. "अगं, रेषा पुसट झाल्या होत्या ना? माळीकाका रजेवर. म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी सरांनी स्वतः फीत लावून शंभर मीटरची सुरुवातीची रेषा मारली. फक्त तेवढीच! मग चुना संपला."

पुढच्या पाच मिनिटांत तिघं सामानाच्या खोलीतून ती लांबलचक कापडी फीत घेऊन मैदानात. ढापण्यानं कडीचं टोक सुरुवातीच्या रेषेवर दाबून धरलं. रेडिओ दुसरं टोक घेऊन शेवटच्या रेषेकडे पळाली.

"शंभर!" तिकडून आरोळी आली. "बरोब्बर शंभर! झालं, बोंबला!"

भिंगरी मटकन खाली बसली. म्हणजे रेषा बरोबर होती. म्हणजे आता काही सुटका नव्हती.

"एक मिनिट," ढापण्यानं चष्मा वर सरकवला. "माझ्या बोटाखाली शून्य नाहीये. तीन आहे."

"काय?"

"तीन! फितीचं नाक कापलंय कुणीतरी, आणि कडी पुढे शिवलीय!"

म्हणजे ही शंभर मीटरची शर्यत मुळात सत्त्याण्णवचीच होती! भिंगरी आनंदानं उडी मारणार होती. पण उडी पायातच राहिली. चार दशांश रेषेचे, तर खारीचे उरलेले चार दशांश कुणाचे? खारीचेच! घाम गाळून कमावलेले. आणि भिंगरीचे? चारातून चार गेले.

"मी तिळभरही वेगवान झाले नव्हते," ती पुटपुटली.

एरवी रेडिओनं यावर दहा विनोद केले असते. आता तिनं मुकाट फीत गुंडाळायला घेतली.

तिघं सरांकडे गेली, तर ते ऐकूनच घेईनात. "मी स्वतः मोजलंय! वीस वर्षं घालवलीत या मैदानावर! आता तुम्ही मला मोजायला शिकवणार?"

सरळ बोटानं तूप निघेना. ढापण्यानं बोट वाकडं केलं. "तसं नाही, सर. उलट तुम्हीच आम्हाला शिकवा ना. फीत कशी धरायची ते. प्रकल्पात तुमचं नाव घालतो!"

सर खुलले. बाईंनाही हाक मारली, चार मुली जमवल्या आणि ऐटीत रेषेपाशी उभे राहिले. "पहिला नियम. शून्य रेषेवर धरायचं. धर गं, भिंगरी."

"सर," भिंगरी गुडघ्यावर बसून म्हणाली, "शून्य सापडत नाहीये."

"सापडत नाही म्हणजे? पळून गेलंय का?"

सर खाली वाकले. मग आणखी वाकले. मग बराच वेळ वर आलेच नाहीत.

नेमके तेव्हाच माळीकाका खांद्यावर पिशवी घेऊन फाटकातून आत आले. "अहो सर, तिचं नाक तीन वर्षांमागे गवत कापायच्या यंत्रात गेलं! मी दर वेळी तीन मीटर वाढवून धरतो. मला विचारायचं तरी!"

"तू रजेवर होतास," सर पडेल आवाजात म्हणाले.

"मग चिठ्ठी नाही का पाठवायची?" काका म्हणाले. पण मग त्यांनीच डोकं खाजवलं. "किंवा मीच फितीवर लिहून ठेवायला हवं होतं म्हणा."

दुसऱ्या सकाळी नवी रेषा आखली गेली. तीन घड्याळं, तीन वेगळी माणसं. सर स्वतः खारीच्या घरी जाऊन तिला घेऊन आले. मावशी मात्र फाटकाबाहेरच थांबली.

भिंगरी १४.५.

खार १४.२!

खारीनं सदरा पुन्हा अंगात घातला. इस्त्री अजून मोडली नव्हती. सरांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, आणि मग भिंगरीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती दोन पावलं पुढे गेली. "शाबास! काय डोकं चालवलंस! उद्या स्पर्धेआधी सगळे पालक जमतील, तेव्हा सांगायचं, चुकलेली रेषा कशी शोधलीस ते!" बाईंनी तिच्या वहीवर ठसठशीत अक्षरांत 'उत्तम' लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला प्रश्न कुणी विचारला होता, त्याचं नावही कुणी काढलं नाही. टाळ्या वाजत असताना भिंगरीनं फाटकाकडे पाहिलं. मावशीचे हात नुसतेच बाजूला लोंबत होते.

घरी बाबा फुलून गेले होते. "संघातली जागा गेली तर गेली! पण सगळ्या क्लबात माझ्या लेकीचं नाव झालं!" आई म्हणाली, "उद्याच्या भाषणाची तयारी केलीस का? सुरुवात झोकात हवी हं."

भिंगरीनं निळ्या पट्ट्यांचे बूट खोक्यात ठेवले आणि खोकं दोघांच्या मधे टेबलावर मांडलं.  आणि तिचा आवाज फुटला.

"आई, बाबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. ज्याचं भलं होवो म्हणालीस ना आई, ती मीच. खारीच्या मावशीबद्दल तो प्रश्न मी विचारला होता. फक्त एक रेघ बघून."

आईच्या हातातला चमचा खाली आला. बाबा काहीतरी विचारायला पुढे झुकले.

"थांबा, पुरतं सांगू दे, नाहीतर धीर जाईल माझा. उद्या मी रेषेपासून सुरुवात करणार नाही. माझ्या प्रश्नापासून करणार. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच लोकांसमोर. पैज लागली म्हणून विचारला, असंही म्हणणार नाही. आणि भाषणाच्या आधी फाटकाबाहेर जाऊन मावशीला म्हणणार आहे, आजपासून सरावात माझं घड्याळ तुम्हीच धरा. त्या नाही म्हणाल्या तरी मी बोलणार. तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसा. मला भीती वाटली तर कुणाकडे तरी बघायला हवं ना!"