चौदा नंबरच्या घरातला पाहुणा

हे खरं घडलेलं आहे. शपथबिपथ घेत नाही. एकदा मी सरळ डोळ्यांत बघून खोटं बोलले होते आणि ते सगळ्यांना खरं वाटलं होतं. आता खरं सांगतेय, तर ते खोटं वाटेल. चालायचंच.

भुताच्या गोष्टीत रात्र असते. माझ्या गोष्टीत दुपार आहे.

सव्वाचारची दुपार. चौथा मजला, बावीस टेबलं, सगळ्या ट्यूब लावलेल्या. एसी एवढा गार की आम्ही भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायचो.

आमची कंपनी गेम बनवायची. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही, नुसता संसार. घर बांधा, त्यात माणसं ठेवा. मग ती रांधतात, कामाला जातात, लग्नं करतात, म्हातारी होतात. आपण सांगू तसं वागतात. नाही सांगितलं तर स्वतःच्या डोक्याने वागतात, आणि त्या डोक्याची काय कथा सांगावी.

मी टेस्टर होते. दिवसभर या माणसांकडे बघायचं आणि ती कुठे चुकली ते लिहायचं. नोंदीपुढे दोनच शेरे असत. ‘बग’ म्हणजे दुरुस्त करा. ‘गंमत’ म्हणजे राहू द्या. कारण लोक हे गेम घेतात ते निम्मे या वेडेपणासाठीच.

टपालवाला पत्र द्यायला यायचा आणि कपडे काढून कोरड्या टबात जाऊन बसायचा. एक नवरदेव भर लग्नातून उठून शेजाऱ्यांची फरशी पुसायला गेला. वाटेत बशी पडलीय म्हणून एक धडधाकट माणूस दारात हात हलवत उभा राहिला आणि शेवटी भुकेने आडवा झाला. बशी उचलायची अक्कल त्याला कुणी दिलीच नव्हती.

माझ्या शेजारच्या टेबलावर काका बसायचे. आम्ही सगळे पंचविशीतले आणि ते एकटे एकोणपन्नास, म्हणून काका. साहेबही काकाच म्हणायचे. काकांच्या नोंदी वाचायला दुसऱ्या टीमची माणसं यायची, कारण ते यमक जुळवून लिहायचे...

घराला लागली आग, बाई करी वेणीफणी
बंबवाला दादा पुसे, टीव्ही लावा ना कुणी

एकदाच आमचं वाजलं. चौदा नंबरच्या घरात मेजवानी चालू होती. एक पाहुणा चक्कर येऊन पडला. बाकीचे त्याच्याभोवती जेवत राहिले. एकीने तर आपली ताटली त्याच्या पोटावर ठेवली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी लिहिलं, गंमत.

काकांनी ते खोडून लिहिलं, बग.

“माणूस पडलाय गं,” ते म्हणाले. “यात हसायचं काय?”

मी म्हटलं, काका, लोक सगळ्यात जास्त हेच बघतील. मीटिंगमध्ये माझंच खरं झालं. काका चष्मा पुसत एवढंच म्हणाले की बरं बाई, तुमचं राज्य.

त्याला दोन महिने झाले असतील.

गेम बाजारात यायला आठवडा राहिला होता. काका आदल्या दिवसापासून घरी गेले नव्हते. त्या दुपारी साहेबांचा वाढदिवस होता. केक आणला, मधल्या टेबलावर ठेवला. तिथून काकांचं टेबल चार पावलं.

काकांनी डाव्या हातावर डोकं टेकवलेलं. उजवा हात टेबलावर सरळ पसरलेला.

कुणीतरी म्हणालं, झोपू द्या, रात्रभर जागलेत. आम्ही फार समजूतदार. गाणं अगदी हळू म्हटलं. टाळ्या नुसत्या बोटांच्या टोकांनी वाजवल्या, काका उठू नयेत म्हणून. मग मी केकचा एक तुकडा कागदी ताटलीत घेतला आणि त्यांच्या कोपराजवळ ठेवला. वर रुमालही झाकला. माझ्या हातून झालेली माया ती एवढीच.

सव्वासहाला सफाईच्या मावशी आल्या. त्यांनी ताटली उचलू का विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणून खांद्याला हात लावला.

त्या अख्ख्या दिवसात काकांना हात लावणारं माणूस ते एकटंच.

डॉक्टर म्हणाले, चार ते पावणेपाचच्या दरम्यान केव्हातरी गेले. हृदय.

काकू दवाखान्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला बघितल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. त्रास झाला का. आणि शेवटी कुणाला काही म्हणाले का.

“नाही काकू,” मी म्हटलं. “झोपेतच गेले. मी शेजारीच होते.”

काकूंनी डोळे मिटले. माझे हात सोडले नाहीत.

बरोबर तीन आठवड्यांनी नवी बिल्ड आली. बिल्ड म्हणजे गेमची ताजी आवृत्ती. गेम बाजारात यायची तारीख पुढे गेली होती, काकांच्या वाट्याची घरंही माझ्याकडे आली होती. मी चौदा नंबर उघडलं. त्यात दोन बहिणी आणि एक भाडेकरू, एवढीच माणसं राहतात.

आम्ही सगळं तिप्पट वेगाने बघतो. एका दिवसात चाळीस घरं बघायची, तर दुसरा इलाज नसतो. माणसं मुंग्यांसारखी पळतात, सूर्य उडी मारून मावळतो.

आधी आवाज गेला...

या माणसांना स्वतःची एक बडबड असते, अर्थ नसलेली. घरभर चालू असते. पण जेवणाच्या खोलीत शिरलं की ती बंद पडत होती. तिघंही तिथे तोंड मिटून जात होती. बाहेर आली की पुन्हा बडबड.

मला वाटलं, आवाजाचा बग. नीट बघायला जवळ गेले...

टेबलाशी चौथं माणूस बसलं होतं.

डाव्या हातावर डोकं. उजवा हात सरळ.

मी यादी बघितली. घरात माणसं तीन.

थोरली बहीण आली, त्याच्यापुढे ताटली ठेवून गेली. धाकटी आली, तिने ताटली ठेवली. भाडेकरू आला... मग तिघं त्याच्या मागे ओळीने उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

बोटांच्या टोकांनी. आवाज न करता.

मी कोड लिहिणाऱ्याला बोलावलं. तो मोठा हुशार, शिष्ट, पायांत मोजे घालून ऑफिसभर फिरणारा. तो पडद्याजवळ वाकला आणि म्हणाला की खुर्ची रिकामी आहे, तुला झोपेची गरज आहे. अशा टाळ्या आपल्या गेममध्ये आहेतच कुठे, असंही म्हणाला. मी पडद्याचं रेकॉर्डिंग केलं. त्यात टेबल होतं. ताटल्यासुद्धा नव्हत्या.

मी मान डोलावली. तो गेला. पडद्यावर काका बसलेलेच होते.

तीन दिवस मी हे कुणाशी बोलले नाही. रोज चौदा नंबर उघडायचे. रोज ताटल्यांची उतरंड चढलेली असायची. त्यांचं तोंड कधी दिसत नव्हतं.

चौथ्या दिवशी मावशी माझ्या टेबलाखालची फरशी पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. त्यांनी हा गेम कधी बघितला नव्हता. आम्ही दिवसभर काय करतो हेही त्यांना ठाऊक नसावं.

“हे आपले काका ना?”

मी नुसतं हो केलं.

मावशी पुसायच्या काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “एवढ्या घाईघाईने काय बघतेस गं त्यांच्याकडे?”

त्या बालदी घेऊन पुढे गेल्या. मी वेग साधा केला. एकपट. आपलं आयुष्य चालतं तेवढा.

गेममधलं घड्याळ चारवर होतं. काका तसेच. दहा मिनिटं काही नाही, वीस मिनिटं काही नाही. खिडकीतलं ऊन टेबलावरून बोटभर सरकलं. आता धाकटी बहीण ताटली घेऊन आली. कोपराजवळ ठेवली...

आणि उजव्या हाताचं बोट हललं.

पहिलं बोट. टेबलावरून उचललं, खाली टेकलं. पुन्हा उचललं.

तिप्पट वेगात हे दिसणं शक्यच नव्हतं.

धाकटी वाकली. काकांच्या कानाशी काहीतरी बडबडली. ती भाषा कुणालाच कळत नाही. मला शब्दन्‌शब्द कळला.

झोपा काका. तुमची घरं मी बघते.

कारण ते मीच म्हटलं होतं.

इथे मला ते लिहायलाच हवं, जे मी साहेबांना सांगितलं नाही, डॉक्टरांना नाही, काकूंना तर नाहीच. मी ताटली ठेवली तेव्हा काकांचं बोट हललं होतं. दोनदा. मी बघितलं होतं. मला वाटलं, म्हणताहेत की जा, त्रास देऊ नकोस. मी रुमाल झाकला आणि केक खायला गेले.

हे फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक मेला होता. मग पडद्यावर हे कुणी मांडलं?

धाकटी निघून गेली. मीही त्या दिवशी निघूनच गेले होते, म्हणून यापुढचं मी पहिल्यांदा बघत होते...

बोट थांबलं नव्हतं. उचललं जात होतं, टेकत होतं. दारावर कुणी अगदी हळू थाप द्यावी तसं. घरातल्यांना जाग येईल म्हणून संकोचत.

सतरा मिनिटं.

चार एक्केचाळीसला ते थांबलं.

त्या रविवारी मी काकूंकडे गेले, सांगायचंच म्हणून. काकू कपडे अल्टर करून देतात. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, खुंटीवर लोकांच्या विजारी, प्रत्येकीला टाचणीने चिठ्ठी लावलेली. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या.

लोक येतात आणि जीव खातात, म्हणाल्या. दीर म्हणतो, कुणी वेळेवर बघितलं असतं तर. बहीण म्हणते, एवढी माणसं होती, आंधळी होती काय. काकू मशीनचं चाक हाताने उगाच फिरवत होत्या.

“मी सगळ्यांना तुझं सांगते. ती पोरगी शेजारीच होती, ती म्हणाली झोपेत गेले. तुझ्या त्या एका शब्दावर मला रात्री डोळा लागतो बघ.”

मग त्यांनी विचारलं, तू काय म्हणत होतीस.

मी म्हटलं, काही नाही काकू. सहज आले होते.

त्यांनी माझ्या कुर्त्याची उसवलेली बाही बघितली. काढायला लावली, शिवून दिली आणि दोरा दाताने तोडला. पैसे घेतले नाहीत.

सोमवारी चौदा नंबर उघडलं, साध्या वेगाने. जेवणाच्या खोलीत बडबड ऐकू येत होती. दोघी बहिणी तिथेच भांडत होत्या. टेबल स्वच्छ. खुर्ची रिकामी.

मी चारपासून पाचपर्यंत बघत बसले. कुणी आलं नाही. गेले, असं वाटलं. सुटले, असं वाटलं. खरं सांगायचं तर मी सुटले असंच वाटलं.

सव्वासहाला मावशी आल्या. मी खुर्ची मागे घेऊन त्यांना पडदा दाखवला. म्हटलं, बघा मावशी, गेले काका.

मावशींनी हातातली काठी भिंतीला टेकवली. पडद्याजवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी सहा महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडली तरी ते बघणं मला सोडत नाही.

“कुठे गेले?” त्या म्हणाल्या. “बसलेत की. बोट हलतंय त्यांचं... तुला दिसत नाही का गं?”

मी पुन्हा बघितलं. अगदी जवळ जाऊन, श्वासाने काच धुरकट होईपर्यंत.

मला रिकामी खुर्ची दिसत होती. बाकी सगळ्यांना दिसते तशी.