विवरातलं बांधकाम

उन्हाळा लागला की फ्लोरेस बेटावरून होड्या येतात, आणि होड्यांतून कॅमेरे. माणसं त्यांच्या मागोमाग उतरतात. ओस्वाल्दो त्यांना धक्क्यावरून आपल्या व्हॅनमध्ये कोंबतो आणि आमच्या कोर्वो बेटाच्या एकुलत्या एका रस्त्यानं वर, ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर नेऊन सोडतो. तिथून पुढे त्यांना मी सांभाळते. पायवाटेनं खाली तळ्यापर्यंत न्यायचं, शेणात पाय पडू द्यायचा नाही, ढग आला की "थांबा, जाईल" म्हणायचं आणि गेला की "आता काढा" म्हणायचं. यावर माझं पोट चालतं. उरलेल्या वेळात मी माझे फोटो काढते.

माझी जागा ठरलेली आहे. काठावर एक सपाट खडक आहे, तिथून सगळं विवर एका नजरेत मावतं. खाली तळं, तळ्यातली चिमुकली बेटं, भोवती हिरवी उतरण आणि तिच्यावर गाई. लेन्सपुढे काळी काच लावली की शटर बराच वेळ उघडं ठेवता येतं. मग जे हलतं ते पुसलं जातं. ढग, गाई, पर्यटक, कोणी उरत नाही. विवर अगदी निर्जन दिसतं आणि लोक तेच चित्र विकत घेतात. येताना गर्दीनं यायचं आणि जाताना एकांत घेऊन जायचा, अशी त्यांची तऱ्हा.

मे महिन्यातल्या एका फोटोत तळ्याच्या पलीकडच्या काठाला दगडांची एक ओळ दिसली. गुडघाभर उंचीची, काटकोनात वळलेली. विवरात कुंपणाचे जुने गडगे पुष्कळ आहेत, पण त्या जागी नाहीत. मी काच पुसली, पुन्हा फोटो काढला. ओळ होतीच. दुर्बिणीतून पाहिलं तर तिथे नुसतं गवत, आणि गवतात एक तांबडी गाय रवंथ करत उभी.

दुसऱ्या दिवशी पर्यटकांना मुद्दाम त्या बाजूनं नेलं. गवत, शेण, ओल. एका बाईनं विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "काहीच नाही." ते खरंच होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर कधी जुन्या चित्राचा ठसा राहतो असं मी वाचलं होतं. दुसरा कॅमेरा आणला. त्यात तीच ओळ होती, आणि एक थर वाढलेला होता.

"तुझ्या कॅमेऱ्याला चष्मा लागला," ओस्वाल्दो म्हणाला. "वय झालं त्याचं. तुझ्यासारखंच."

"आधी तुझ्या व्हॅनचं वय बघ. चढावर खोकते."

त्यानं हसत हसत पडद्यावरचा फोटो बोटांनी मोठा केला. हसू आवरलं. मग टोपी नीट करून तो गाडीकडे गेला.

घरी बाबा होते. लॉरेआनो गवंडी म्हटलं की गावातलं शेंबडं पोरसुद्धा घर दाखवील. निम्मी घरं त्यांनी आणि त्यांच्या भावानं बांधलेली. यंदा मात्र बाबांना खुर्चीतून उठून दारापर्यंत जाणं जड झालं होतं. हृदय थकलं होतं, पायांना सूज होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिवाळा निघेल असं धरून चालू नका. आई मी लहान असतानाच गेली. मी लग्न केलं नाही, बेट सोडलं नाही. बाबांशिवाय त्या स्वयंपाकघरात चूल पेटवायची, हे मला सोसणार नव्हतं. तो विचार आला की मी भांडी घासायला घेत असे.

फोटो त्यांना दाखवायचा नव्हता. पण संगणक टेबलावर उघडा राहिला आणि मी सूप गाळून वळले तर बाबा चष्मा लावून वाकून बघत होते.

"अगं, हे तर सेलेस्तिनोचं काम!" ते म्हणाले.

सेलेस्तिनो म्हणजे माझे काका. मी शाळेत होते तेव्हा मासे धरायला गेले आणि परत आले नाहीत.

"काहीतरीच काय, बाबा."

"हे बघ ना. दोन दगड निजलेले, एक उभा. पुन्हा दोन निजलेले. आमच्या घराण्याशिवाय असं कोणी लावत नाही. आणि हा कोपरा बघ, वाकडा. जन्मात त्या गाढवाला कोपरा काढता आला नाही." बाबा इतके खूश दिसत होते की मला भीती वाटली. "गडगा नाही हा, पोरी. जोतं आहे. घर बांधतायत."

"कोणासाठी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सूपाची वाटी पुढे ओढली. "मीठ कमी आहे," म्हणाले.

जूनमध्ये भिंती खांद्याइतक्या झाल्या. दाराची जागा दिसू लागली. बाबांचं जेवण वाटीवरून चमच्यांवर आलं. मी ठरवलं, फोटोच काढायचे नाहीत. जवळजवळ महिनाभर कॅमेरा कपाटात ठेवला आणि पर्यटकांना तोंडानंच वाट दाखवली. शेवटी राहवलं नाही. काढला तो फोटो डोळ्यांपुढून हलत नाही. भिंती पुऱ्या झाल्या होत्या, वर आडवी लाकडं चढली होती आणि एका बाजूनं कौलं लागली होती. कॅमेऱ्याशी बांधणाऱ्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ते आपलं काम करत होते.

त्याच आठवड्यात बाबा मला म्हणाले, "माझा निळा शर्ट धुऊन ठेव." तो ते लग्नकार्यालाच घालत.

आता सांगायला लाज वाटत नाही. मी घाबरले होते आणि मला रागही आला होता. चाळीस वर्षं समुद्रात असलेला माणूस माझ्या बापासाठी घर बांधतो म्हणजे काय? मला विचारलं कोणी?

घर पुरं होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी धरलं. पाडणार कसं, हाताला लागतच नव्हतं. पण दार तर अडवता येईल. दार नसलेल्या घरात कोण राहायला जाणार?

पर्यटक नसलेला एक दिवस पाहून मी एकटीच खाली उतरले. फोटोत दाराच्या समोर तळ्यातलं सर्वांत लहान बेट आणि त्यामागे एक काळा सुळका एका रेषेत येत होते. ते दोन्ही एका रेषेत येईपर्यंत मी गवतात मागेपुढे सरकत राहिले. जागा सापडली. तिथे पाखरं बोलत नव्हती, वारा होता पण गवत हलत नव्हतं. चुन्याचा वास येत होता. नुकताच पाण्यात विझवलेल्या, उबदार चुन्याचा.

मी मान वर केली नाही. जवळच्या घळीत तांबडे हलके दगड पडलेले असतात, ज्वालामुखीचे, भोकाभोकांचे. बॅगेतून कॅमेरा काढून ठेवला आणि बॅग भरभरून ते दगड आणले. गवतावर एकावर एक रचले. बापाच्या हाताखाली शिकले होते, तसेच रचले. दोन निजलेले, एक उभा. हात आपोआप तसेच चालले. कंबरेएवढी रास झाली तेव्हा थांबले आणि मागे न बघता चढ चढले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सूप संपवून भाकरी मागितली.

आठवड्यानं ते दारापर्यंत चालत गेले. मग शेजाऱ्याच्या पायरीपर्यंत. डॉक्टर फ्लोरेसहून आले, छातीला नळी लावून ऐकत राहिले, "चमत्कारिक आहे" म्हणाले आणि गोळ्या कमी करून गेले. मी समुद्रशेवाळाची भजी तळली. बाबांनी ती चाटूनपुसून खाल्ली. मला रडू आलं, हसूही आलं. विवरावर जायचं मात्र मी टाळत होते. आपण जिंकलोय, बघायचं कशाला?

काल जेवताना मला ते पोटात ठेववलं नाही. सगळं सांगून टाकलं. तो दिवस, ती रास, तांबडे दगड.

बाबांचा चमचा हवेतच थांबला.

"तू दगड नेलेस? हातानं?"

"दार अडवायला नेले, बाबा."

"आपल्या घराण्यातलं घर बांधताना कोणी दगड घेऊन आलं, तर आपण काय करतो, दिओलिंदा?"

मला उत्तर माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आमच्याकडे बांधकामावर जो आपल्या पायांनी दगड घेऊन येतो, त्याला मजुरी देत नाहीत. त्याची त्या घरात एक खोली असते. माझ्या आतेभावाच्या घरात आजही माझी एक खोली आहे, मी सात वर्षांची असताना फ्रॉकच्या ओच्यात नेलेल्या चार खड्यांची.

"पण मी अडवायला..."

"त्यांना कसं कळणार? पोर दगड घेऊन आली, आपल्या पद्धतीनं लावून गेली. एवढंच दिसलं असेल." त्यांनी ताट सरकवलं. "उद्या मला वर ने."

आज सकाळी ओस्वाल्दोनं बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. "लॉरेआनोकाका, दार सांभाळा, निखळून हातात येईल," तो म्हणाला. बाबांनी त्याच्या आईवरून काहीतरी सुनावलं. दोघं हसत होते. ऊन स्वच्छ होतं. समुद्रापार फ्लोरेसची घरंसुद्धा मोजता आली असती.

मी खडकावर स्टँड लावला. काळी काच बसवली. शटर उघडलं.

वाट पाहिली. शटर मिटलं.

दाराची जागा मोकळी होती. माझी रास तिथे नव्हती.

बाबांच्या घरावरची कौलं काढलेली होती. लाकडंही उतरवली होती. भिंतींचे वरचे थर कमी झाले होते.

शेजारी, त्याला लागून, एक खोली उभी होती. उतरवलेली कौलं तिच्यावर चढली होती. खिडकीभोवती तांबडे दगड होते, माझे.

मागे व्हॅनचं दार वाजलं. बाबा स्वतःच्या पायांवर खाली उतरले होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं ताठ उभं पाहिलं नव्हतं.

"काय दिसतंय?" त्यांनी ओरडून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "ढग आला मध्ये."

"मग चल घरी. भूक लागलीय मला."

"आलेच."

मी पडद्यावरचं चित्र आणखी मोठं केलं. खिडकीभोवती आमच्याकडे काढतात तसा चुन्याचा पांढरा पट्टा काढला होता. तो काढतात सर्वांत शेवटी, माणूस राहायला यायच्या आदल्या दिवशी. पट्टा उन्हात चमकत होता आणि खालच्या कोपऱ्यातून चुन्याचा एक ओघळ तांबड्या दगडावर उतरत होता, अजून ओला.