पेवातला दिवा

खोटं सांगत असन तं जीभ झडो माही.

लोकाइले भुताची गोष्ट म्हनलं का अमुशाची रात लागते. हे भर दुपारचं हाय. चैताचं ऊन, सूर्य डोक्यावर. आसेगावच्या अलीकडं तलावाच्या काठावर एक गाव हाय, तिथलं. पहिल्या मोठ्या लढाईच्या आंधीचं साल.

ज्याच्यासंगं घडलं, तो माहा बाप. रज्जाक पिंजारी.

अब्बा गावोगाव कापूस पिंजत फिरे. सोताचं घर नाई. कामरगावले मामाच्या घरी एका कोंदट खोलीत राहे. त्याच खोलीत दोन लेकरं झाले, दोन्ही गेले. अम्मी फरहत तिसऱ्या वक्ताले पोटुशी होती. तिनं सांगून टाकलं, "यावक्ती लेकरू माह्या घरात होईन. कसंही करा."

तेवढ्यात कानावर आलं... तलावाकाठी उकंडरावचं घर विकाले हाय.

सागाचे खांब, मागं मोठं आंगन, सोप्यात बसलं का समोर पानीच पानी. अन् मोल? बैलाच्या जोडीएवढं! पन गावातलं एक मानूस पुढं येत नव्हतं.

अब्बा गेला. उकंडराव कुलूप काढून दारात उभाच होता. त्याची बायको नानीबाई समोरच्या मदनसिंगच्या ओट्यावर बसून होती. सोताच्या घरात पाय टाकाले तयार नाई.

"वहिनी आत येत नाई काय, पाटील?"

"तिचे गुडघे दुखतात," उकंडराव म्हनला. "तू घर पाह्य ना."

अब्बानं पाह्यलं. भिंती कोरड्या. वासे पक्के. मन भरलं. पन एक गोष्ट ध्यानात आली...

आढ्याले एकबी चिमनी नव्हती.

भायेर झाडावर कलकल चाललेली. घरात एक पाखरू नाई. मुंगी नाई. कोळ्याचं जाळं नाई.

अन् मंग आवाज आला.

सूप पाखडल्यासारखा. सर्र... सर्र...

मंधातल्या खोलीतून. फरशीच्या खालतून.

"उंदरं," उकंडराव म्हनला. अब्बानं पुसलंबी नव्हतं.

त्या खोलीत पेव होतं. पेव म्हंजे जमिनीत खोदलेली जवारीची कोठी. वरतं मानूस उतरन एवढं तोंड, खालतं घागरीसारखं पोट. तोंडावर दगड बसवून मातीनं लिपलेलं. पेव बंद राह्यलं का आतली हवा जहरी होते. म्हनून उतराच्या आंधी दोरीनं दिवा सोडाचा. दिवा जयला तं उतराचं. इझला तं मांगं सराचं. आमच्याकडं लहान पोट्ट्यालेबी हे माईत हाय.

"याच पेवात गोमतीबाई गेली ना? तुमच्या वारलेल्या मोठ्या भावाची बाईल?" अब्बानं इचारलं.

"हो. तीन साल झाले. दिवा न सोडताच उतरली. बाईमानूस, अक्कल किती असन!"

"लोक म्हनतात, ते बाई अजून इथंच हाय."

"लोकाच्या तोंडाले हात लावाचा काय?"

"माही बायको पोटुशी हाय, पाटील. उघडून दाखवा. नाई तं मी चाललो."

उकंडरावचं तोंड उतरलं. पन गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. त्यानं लोखंडी सब्बल आनली, माती फोडली. दोघाइनं मिळून दगड सरकवला.

थंडगार वाफ वरतं आली. सुपाचा आवाज बंद.

उकंडरावनं दिवा लावला. दोरीनं खालतं सोडला. दिवा गेला... गेला... बुडाले टेकला.

जयत होता.

"पाह्य! हाय का काई?" उकंडरावचा जीव भांड्यात पडला. "जाय, उतरून पाह्य."

अब्बानं कमरेले दोर बांधला. पेवाच्या तोंडावर वाकला...

खालतं ज्योत बारीक झाली. जवारीच्या दान्याएवढी.

अब्बा मांगं सरला. ज्योत परत उभी. पुन्ना वाकला. पुन्ना बारीक.

उकंडराव वाकला, तं ज्योत हातभर! सरळ. हालत नाई का डुलत नाई. भिंतीवर काढल्यासारखी.

अब्बा दोन पावलं मांगं सरला. त्यानं कमरेचा दोर सोडला.

"मी नाई उतरत. तुमचं घर, तुमी उतरा."

"भ्याला काय लेका? पिंजारी तं पिंजारीच! कापसाचं काळीज!"

"असन कापसाचं. तुमचं तं लोखंडाचं हाय ना? बाईमानूस उतरलं होतं इथं."

ते बोलनं लागलं. उकंडरावनं दोर सोताच्या कमरेले बांधला. दिव्याकडं एकडाव पाह्यलं. दिवा जयतेच. मंग भेव कायचं?

उतरला. अब्बानं वरतून दोर धरला.

"पाह्यलं का बे?" खालतून आवाज. "कोरडं ठनठनीत हाय!"

खालतं पाय वाजले.

मंग उकंडराव हळूच म्हनला...

"कोन हाय?"

अन् त्या पेवातून एका बाईचा आवाज आला. शांत. घरच्या मानसाले इचारावं तसा.

"भावजी... दिवा सोडला होता का?"

दोराले जोरानं हिसका बसला. अब्बानं भिंतीले पाय लावून ओढलं. एकडाव जड लागलं... अन् मंग एकदम हलकं. तो पाठीवर पडला.

दोर वरतं आला. गाठ सोडलेली होती. तुटली नव्हती. कोनं तरी बसून, सावकाश सोडावी तशी.

अब्बा बोंबलत भायेर पळाला. मदनसिंग धावला, मांगून सारं गाव. त्यानं वाकून पाह्यलं. खालतं उकंडराव उताना पडलेला. उशाशी दिवा. जयत.

"दिवा जयते! दम असन त्याच्यात. द्या दोर, मी उतरतो!"

तेव्हा नानीबाई आली. गुडघे दुखनारी बाई पळत आली. उंबऱ्याशी थांबली अन् किंचाळली...

"त्या दिव्यावर जाऊ नका, मदनसिंगभाऊ! तो दिवा तिचा हाय! दुसरा सोडा!"

दुसरा दिवा लावला. सोडला. दोन हात खालतं गेला... अन् फक्कन इझला.

पुन्ना लावला. पुन्ना इझला.

अन् खालतं पहिला... जयतच होता.

नानीबाई उंबऱ्यातच बसली. साऱ्या गावासमोर बोलली, "वहिनीनं दिवा मांगतला होता. याइनं म्हनलं, तेल काहाले वाया घालतं, उतर. घरात तिचा अर्धा वाटा होता."

"अन् तू काय करत होती?" मदनसिंगनं इचारलं.

नानीबाईनं पदर तोंडात कोंबला. मंग म्हनली, "खालतून लय हाका मारल्या तिनं. माह्या नावानं."

आकड्यानं मुडदा काढला. मंग दिव्याची दोरी ओढली. दिवा हातात आला तसा इझला. त्याच्यात तेलाचा थेंब नव्हता. अन् वात... पांढरीधोट. जशी जयलीच नाई.

नानीबाई म्हनली, "द्याचं ते द्या. पन हे घर घ्या." अन् मालेगावले भावाकडं निघून गेली.

तुमी म्हनसान, अब्बानं घेतलं काहून? अम्मीचे दिवस भरत आले होते. गरिबाले भुतापेक्षा पाऊस जवळ. पेव दगड-मातीनं बुजवलं, अन् त्याच घरात माहा जलम झाला. माह्यामांगं सहा भावंडं झाले. सारे जगले.

अब्बा मेल्यावर हे सारं अम्मीनं मले सांगतलं. मी इचारलं, "तुले कधी काई दिसलं?"

"दिसाचं काय? राह्यते ते इथं." अम्मीनं शेजारनीबद्दल बोलावं तसं म्हनलं. "तू रडे तं पाळना हालवे. आपल्याले काई करत नाई."

"मंग?"

"फक्त पुसते."

"काय पुसते?"

"नानीबाई कवा येईन म्हनून."

मी हासलो. अम्मी हासली नाई.

आता गेल्या हप्त्यात मालेगावहून मानूस आला. नानीबाई अजून जित्ती हाय. लय थकली. मराच्या आंधी एकडाव आपलं घर पाहाचं म्हनते. आनू का, म्हनून पुसून राह्यला.

मी काई बोलाच्या आंधीच अम्मी आतून बोलली, "आना."

मानूस गेल्यावर मी म्हनलं, "अम्मी, तुले सारं माईत हाय ना?"

"माईत हाय म्हनूनच."

एवढं बोलून ते भाकर थापाले बसली.

मी मालेगावले दुसरा निरोप धाडाचा म्हनतो, येऊ नको म्हनून. रोज म्हनतो. पन घरात त्या निरोपाचं नाव काढलं का... माह्या तोंडून शब्दच निघत नाई.

उद्या बैलगाडी येनार हाय.