भर दुपारी उघडं दुकान

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. कोलंबियात, माग्दालेना नदीकाठच्या आमच्या मोंपोसमध्ये. तीन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

आमच्याकडे बारा ते तीन कोणी बाहेर पडत नाही. दारं लागतात, खिडक्या लागतात, अख्खं गाव झोपतं. उन्हात भटकतात ते फक्त पर्यटक.

ओबदुलियामावशी तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, जुन्या घरात पाहुणे ठेवायची. प्रत्येक खोलीत तिच्या हातचा एक कागद असायचा. गावात काय बघावं, कुठे खावं. पाच वाजता सांता बार्बारा चर्चच्या मनोऱ्यावर चढा. चौकातल्या बाईकडचं चीज घ्या, पण सकाळीच. होडीवाल्याशी भाव आधी ठरवा. चांदीचं काम हवं असेल तर चौकातलं मोठं दुकान.

सगळं विष त्या शेवटच्या ओळीत होतं.

कारण तिचा भाऊ, माझा लिसांद्रोमामा, गावातला एक नंबरचा कारागीर होता. केसाएवढी बारीक चांदीची तार ओढायचा आणि तिची फुलं वळायचा. त्याचं दुकान याच घराच्या पुढच्या खोलीत होतं. मावशीला ती खोली पाहुण्यांसाठी हवी होती.

"तू मागच्या गल्लीत जा," ती त्याला म्हणाली. "माझा एकूण एक पाहुणा तुझ्याकडे पाठवीन. आईची शपथ."

मामा गेला. पण जाताना चार लोकांत बोलून गेला, "आईचं घर गिळलंस, आता ढेकर दे."

ते मावशीच्या जिव्हारी लागलं. तिने त्याच्याकडे एकही पाहुणा पाठवला नाही.

सात वर्षं. एकही नाही.

मामा मात्र वाट बघत राहिला. पर्यटक दुपारी झोपत नाहीत, म्हणून तो भर उन्हात दार उघडं टाकून झुलत्या खुर्चीत बसायचा. लोक हसायचे. "लिसांद्रो, भाजून निघशील रे," म्हणायचे.

"आणि बहिणीने पाठवलेलं कोणी आलं तर?" एवढंच तो म्हणायचा.

त्या खुर्चीतच तो गेला. दार सताड उघडं होतं, पण गाव झोपलेलं. तीन वाजेपर्यंत कोणाला पत्ता नाही.

मावशी रडली नाही. दफनाला गेली, घरी आली आणि पाहुण्यांच्या चादरी भिजत घातल्या.

वर्षभराने, त्या मार्चमध्ये, बोगोताहून एक नवं जोडपं आलं. दुपारी दोनला दोघं घामाघूम होऊन परतली.

"बाई, मागच्या गल्लीतला तो म्हातारा काय सुरेख काम करतो," मुलगी म्हणाली. "तुमच्या कागदावर त्याचं नाव कसं नाही?"

मावशीच्या हातातला लिंबूपाण्याचा जग तसाच राहिला.

"कोणता म्हातारा?"

"खुर्चीत बसलेला. ठोकल्याचा आवाज आला म्हणून आत गेलो. कानातली आवडली, पण विकायलाच तयार नाही. आधी विचारतो... कोणी पाठवलं?"

"मग?"

"आम्ही म्हटलं, कोणीच नाही. तर मान खाली घालून परत ठोकायला लागला."

संध्याकाळी मावशी त्या गल्लीत गेली. दाराला गंजलेलं कुलूप. कुलपावर कोळ्याचं जाळं. घरमालक आत सिमेंटच्या गोण्या ठेवतो.

"मेले थट्टा करतायत माझी," ती मला म्हणाली.

एप्रिलमध्ये मेदेयीनच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. मग अर्जेंटिनाचा एकटा माणूस. कोणी कोणाच्या ओळखीचं नाही.

सगळ्यांनी तेच सांगितलं. तोच प्रश्न... कोणी पाठवलं?

मावशीची झोप उडाली. दुपारी पडलं की पुढच्या खोलीतून आवाज यायचा...

टक... टक... टक...

पुढच्या खोलीत तेव्हा कोणी राहत नव्हतं.

एका सकाळी तिने सगळे कागद फाडले आणि नवे लिहिले. "चांदीचं काम हवं असेल तर मागच्या गल्लीत लिसांद्रोकडे जा. ओबदुलियाने पाठवलंय म्हणून सांगा."

"मावशी, डोकं फिरलंय का तुझं? मेलेल्या माणसाकडे गिऱ्हाईक पाठवतेस?"

"शपथ घेतली होती मी," ती म्हणाली. "त्याच्या मरणानंतर का होईना, मला सुटू दे."

पाहुणे जायला लागले. आणि वैतागून परत यायला लागले.

"तिथे तर कुलूप आहे, बाई."

प्रत्येक वेळी. ज्याला तिने पाठवलं, त्याला फक्त कुलूप दिसलं.

शेवटी ती स्वतःच निघाली. दुपारी साडेबाराला. मी मागोमाग गेलो, पण खोटं कशाला बोलू, कोपऱ्यावरच थांबलो.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वारा पडलेला.

टक... टक...

मावशी दारापाशी पोहोचली आणि आवाज थांबला.

मला काही ऐकू आलं नाही. तिला आलं असावं. कारण ती कुलपाकडे बघत हळूच म्हणाली, "कोणी पाठवलं नाही रे. माझी मीच आले."



मग... आतून कडी लागली.

ती मी माझ्या कानांनी ऐकली. बाहेर गंजलेलं कुलूप, आत सिमेंटच्या गोण्या, आणि तरी कडी आतून सरकली. ठाम, हिशेब संपवल्यासारखी.

मावशी तीन वाजेपर्यंत त्या दारावर हात ठेवून उभी होती. त्यानंतर तिने पाहुणे ठेवणं बंद केलं. दफनाच्या दिवशी न आलेलं रडू आता तिला जेवताना येतं, कपडे वाळत घालताना येतं, आणि थांबत नाही.

लोक तिला नावं ठेवतात. मी ठेवू शकत नाही.

मी नदीवर होडी चालवतो. शेकडो पर्यटकांना मी वाटा दाखवल्या आहेत. त्या सात वर्षांत मामाकडे मीही एकाला पाठवलं नाही. मावशी रागावेल म्हणून.

गेल्या महिन्यात धक्क्यावर एका बाईने मला विचारलं, चांदीचं चांगलं काम कुठे मिळतं?

मी तोंड उघडलं... आणि काय सांगावं तेच कळेना. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि गावातली दारं एकेक करून लागत होती.