रिकाम्या तळहातावरची तंबाखू

सून चहा गाळत होती आणि तिच्या सासूबाई, आक्काताई कुंभोजे, शेजारी उभ्या राहून तंबाखू मळत होत्या. डाव्या तळहातावर उजवा अंगठा रगडून रगडून फिरला, मग दोन बोटांनी थाप बसली. तळहात मात्र रिकामा होता.

"अवो आत्याबाई, ह्ये काय?" सुनेच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "आपल्या घरात कांदा शिजत न्हाई, आणि तुमी..."

आक्काताईंनी हात पदराखाली घेतले. "मी न्हाई गं. दस्तगीरचाचा मळालेत."

इचलकरंजीत मागाचा खरा धनी म्हणजे तो दुरुस्त करणारा जॉबर. माग रुसला की मालकसुद्धा त्याच्या मागे मागे फिरतो. दस्तगीर मुजावर असे नावाजलेले जॉबर होते. कंपवाताने त्यांचे हात थरथरू लागायच्या आधीच यंत्रमाग कामगार संघटनेने त्या हातांच्या हालचाली 'स्मृतिमोजा' नावाच्या हातमोज्यात भरून घेतल्या. शिकणाऱ्याने तो मोजा घालून मागाशी उभे राहायचे. आतल्या केसाएवढ्या तारा त्याची बोटे दस्तगीर उस्तादांच्या चालीने हलकेच ओढतात. काही महिन्यांनी मोजा उतरवला तरी बोटे तीच वाट धरतात. संघटनेच्या दुपारच्या वर्गात उस्ताद आता तोंडाने शिकवत, आणि त्यांचे जुने हात मोज्यातून.

आक्काताईंनी उभी हयात, आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. नव्या मागाला धोटाच नाही. हवेच्या फुंकरीने धागा पलीकडे जातो. कांडी गेली, आता कामही जाणार होते. कारखान्याने जॉबरची परीक्षा ठेवली होती. पास झाल्या तर नव्या मागावर, नाहीतर घरी. बावन्नाव्या वर्षी घरी बसायची नुसती कल्पनाही या बाईला सोसत नसे. नातवंडे गोड असतात, पण ती काही माग नव्हेत, असे त्या सुनेच्या तोंडावर सांगत.

परीक्षेसाठी लावलेल्या वर्गात आक्काताई गेल्या, तेव्हा कळले की तंबाखू सगळ्यांनाच लागली आहे. कुणाचा अंगठा देवळात फिरला होता, कुणाचा लग्नाच्या पंगतीत. संघटनेची शिक्षण-चिटणीस वैशाली तोडकर हसून हसून बेजार झाली. उस्ताद मात्र लाजेने मान वर करीनात.

"सोडून चार वर्सं झाली की गं मला," ते म्हणाले. "काढून टाक ती. बायकांच्या हातात माझं व्यसन नको."

वैशालीने संगणकावर ती हालचाल शोधून जिथे दिसली तिथे कापली. व्यसन गेले, कसब राहिले, असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवसापासून आक्काताईंच्या मागावर धागा तुटू लागला. एक स्क्रू फिरवला की हात लगेच दुसऱ्याकडे धावे आणि पुन्हा धागा तुटे. परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी त्यांनी मोजा उतरवून टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझा हात थांबंना झालाय, पोरी. पयला थांबायचा."

"कुठं थांबायचा, आक्का?"

आक्काताईंनी रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवून दाखवला. मग त्या उस्तादांकडे वळल्या. "चाचा, ही मळताना तुमी काय करत हुतासा?"

"काय करणार? नुसता उभा ऱ्हायचो."

"आणि कान?"

उस्तादांनी मान मागाकडे वळवली.

"कान मागाकडं," ते सावकाश म्हणाले. "स्क्रू फिरवला की माग सुरात यायला जरा येळ घेतोय. तेवढं ऐकायचो. मलाबी आत्ताच कळालं बघ."

वैशालीने कापलेले सगळे परत जोडले.

रविवारी परीक्षक आक्काताईंच्या तळहाताकडे बघतच राहिला. "बाई, तंबाखू नंतर खा."

"खात न्हाई साहेब, ऐकतोय," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका अशाच पुरुषी रुबाबात बोलतात. माग सुरात आला, धागा अखंड राहिला. त्या पास झाल्या आणि सुनेने गल्लीभर पेढे वाटले.

शिकून तयार झालेल्याने आपले हात पुढच्यांसाठी मोज्यात भरायचे आणि पहिला शिष्य स्वतः निवडायचा, अशी संघटनेची रीत होती. आक्काताई सुनेचे नाव घेतील, असे वैशालीला वाटले. पण त्या आपला भरलेला मोजा घेऊन सरळ उस्तादांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"चाचा, हात करा पुढं."

"मला काय शिकवतीस, खुळे?"

"माग."

उस्तादांना हसू आले, आणि मग त्यांना हसताच येईना.

"आक्का, हा मोजा निरोगी हातांसाठी आहे," वैशाली हळूच म्हणाली. "कंपवातात चालेल का नाही, कुणी करून बघितलेलं नाही."

"मग वर्ग कशाला काढलायस?"

लहान मुलाला अंगरखा घालावा तसे आक्काताईंनी उस्तादांचे एकेक बोट मोज्यात सरकवले आणि त्यांना धरून मागाशी उभे केले. तारांनी ओढ घेतली. ती चाल मुळात त्यांचीच, पण आता एका कांडीवालीच्या हातांत राहून आली होती. उस्तादांनी डोळे मिटले. आक्काताईंनी त्यांचे मनगट सोडले नाही.

"चाचा," त्यांनी विचारले, "हातांना वळख पटती का?"