आधी फोटो, नाव मागनं

इस्लामपूरच्या फ्लेक्सच्या दुकानात जयराज पहिल्यांदा आला तो तक्रार घेऊनच. कुंडलच्या मित्रांनी त्याला मालिकेत काम मिळालं म्हणून अभिनंदनाचा बोर्ड करायला दिला होता आणि त्यावर त्याचं डोकं पाण्याच्या टाकीएवढं होतं.

"जरा बारीक करता का मला?"

बोर्ड करणाऱ्या स्वप्नालीनं कॉम्प्युटरवरची नजरही काढली नाही. "हिरोला एवढं डोकं पायजेच. लाजताय कशाला?"

लाजला मात्र खरा. अन् मग काय, साताऱ्याकडचं शूटिंग आटोपून घरी जाताना गड्याची मोटारसायकल हटकून या दुकानापाशी थांबायची. कधी व्हिजिटिंग कार्ड छापायला, कधी नुसतंच पाणी प्यायला... दिवाळीत तर त्यानं सरळच विचारलं, "लग्न कराल माझ्याशी?" तिचे गाल तापले, आणि तोंडातून निघालं काय, तर — "बघू." नटाचा काय भरवसा, आज इथं, उद्या मुंबईला. चार महिने झाले तरी तिचं बघणं काही संपेना. मनातून मात्र बया कधीच हो म्हणून बसली होती.

मंगळवारी सकाळी मालक नानासोंचा फोन आला. "श्रद्धांजलीचा बोर्ड हाय, अर्जंट. फोटो पाठवलाय, बसवून घे. नाव मागनं सांगतो." त्यात नवल काही नव्हतं. ही कामं अशीच येतात, आधी फोटो, नाव-तारखा मागाहून.

तिनं फोटो उघडला. जयराज हसत होता.

नानासोंना उलटून विचारायचंही सुचलं नाही. जयराजला फोन लावला — बंद. पुन्हा लावला... बंदच. तिनं शटर ओढलं, स्कूटी काढली आणि थेट कुंडल गाठलं. वाटेत कोण आलं, कोण गेलं, काही दिसलं नाही.

त्याची आई दगडाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. तिला बघून स्वप्नाली मटकन खालीच बसली. "मावशी... लय उशीर केला मी. मला त्यांच्याशीच लगीन करायचं हुतं. सांगितलंच न्हाई ओ."

दगडाबाईची शेंग हातातच राहिली. "कुणाशी गं बाई?"

"जयराजशी."

"मग सांग की त्याला. न्हाणीत हाय, अंघूळ करतोय."

न्हाणीचं दार करकरलं. केसांतून पाणी गळतंय, खांद्यावर टॉवेल — जयराज! स्वप्नालीला वाटलं, आता आपलाच बोर्ड छापायला लागतोय.

"तुमी... हायसा व्हय?"

फोटोचं कळल्यावर तोही हबकला. "आवं, ते मालिकेतलं. माझं पात्र मारलं त्यांनी अपघातात. चौकात बोर्ड लागतो असा सीन हाय. तुमच्या दुकानाचा नंबर मीच दिला." मग त्याचा आवाज उतरला. "तुमाला सांगायची लाज वाटली, म्हणून फोन बी बंद ठेवला. काम गेलं माझं. पुढचं काईच हातात न्हाई."

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"मगाशी तुमी म्हणाला ते... आतनं ऐकलं मी. पण ते मेलेल्याला म्हणाला. जित्या माणसाला काम लागतंय."

स्वप्नालीनं ओढणीनं डोळे पुसले. "तुमी गेला म्हणून रडत आले मी इथवर. नुसतं कामच गेलंय व्हय... मग करूया लगीन."