व्हर्नाचं मचाण

हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला सोमवार होता. होबर्ट अंगणात लाकडं फोडत होता. बायकोचा धाकटा भाऊ आर्लिस डोंगरावरून एकटाच उतरला, तेव्हा त्याची टोपी हातात होती. वेस्ट व्हर्जिनियाच्या थंडीत कुणी डोकं उघडं ठेवत नाही. होबर्टनं कुऱ्हाड खाली ठेवली.

होबर्टची बायको व्हर्ना मचाणावर बसलेलीच सापडली होती. पाठ ओकच्या झाडाला टेकलेली, कमरेला पट्टा, बंदूक मांडीवर. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. बंदुकीत एक रिकामं काडतूस होतं. खाली हरणाचं रक्त नव्हतं, केस नव्हते, कुठल्याच खोडात गोळी नव्हती.

व्हर्नाचा नेम कधी चुकला नव्हता. जागा शोधायची तीही तिनंच. बाकीचे नोव्हेंबरात पायवाट दिसली की तिथंच मचाण बांधत. ती फेब्रुवारीत, झाडं उघडी असताना, सगळा डोंगर पालथा घाली. नरांनी शिंगं घासून सोललेली खोडं बघे, खिंडी बघे, आणि शेवटी रुईच्या शेंगेतली म्हातारी हवेत सोडून वारा कुठं वळतो ते बघे. तिला वारा पटला नाही, तर ती जागा सोडून देई.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं झाली. शिकारीच्या खोपटातली रीत अशी, की ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकायचं. आर्लिसच्या टोकांनी अर्धी भिंत भरली होती. व्हर्नाचं एकही नव्हतं, आणि त्यावरून तिनं भावाला आयुष्यभर चिडवलं होतं. कोंबडीचं हाड चोखत आर्लिस म्हणाला, "ताईचं एक टोक आपलं येणं राहिलं हं, दाजी. बार फुकट गेला की."

कुणीतरी हसलं. होबर्टनं ताट सरकवलं. ती गेली तेव्हाचाच लाल चौकड्यांचा शर्ट त्यानं दफनाआधी तिला घातला होता, आणि मागचं टोक स्वतःच्या हातानं नीट खोचलं होतं. त्या टोकाला हिरव्या दोऱ्याची टीप होती. लाल दोरा संपला होता म्हणून तिनं हिरव्यानंच शिवलं होतं.

पुढं आर्लिसनं मचाणच मागितलं. रिकामं कशाला ठेवायचं, म्हणाला. शिवाय मचाण खोडाला बांधणारे पट्टे सोडले नाहीत तर खोड फुगून ते सालीत रुततील. हे खरं होतं, म्हणून होबर्टला जास्त राग आला. तिच्या जागी आर्लिस बसायच्या आत मचाण उतरवून घरी आणायचं, असं त्यानं ठरवलं.

फेब्रुवारीत एका दुपारी तो वर गेला. ताजा बर्फ होता. ओकच्या बुंध्याभोवती हरणं बसून गेल्याचे खळगे होते, सगळीकडून, अगदी खोडाला लागून. माणसाच्या वासाखाली हरीण बसत नाही.

वारा झाडाकडून येत होता, तोंडावर. तिच्या जुन्या शेंगेतली एक म्हातारी त्यानं सोडली.

ती वाऱ्याच्या उलट झाडाकडे गेली.

त्यानं दुसरी सोडली. तीही गेली.

तो शिडी चढला. प्रत्येक फांदीवर बर्फ होता. बैठक कोरडी होती. तिच्यावर लाल चौकड्यांचं एक टोक ठेवलं होतं, कात्रीनं सरळ कापलेलं.

त्यानं हातमोजा काढून बैठकीला हात लावला.

ती गरम होती.

तो तसाच उतरून आर्लिसच्या घरी गेला आणि त्यानं टोक टेबलावर टाकलं.

"तुझी चेष्टा पुरे झाली."

आर्लिसनं ते उलटून हिरवी टीप पाहिली. मग हात मागं घेतला.

"दाजी, हा शर्ट तर ताईच्या अंगावर, पेटीत आहे."

"मग तूच सांग, हे कुठून आणलंस."

आर्लिसनं हळू विचारलं, "बर्फात माझी पावलं दिसली तुम्हाला?"

होबर्टनं आठवून पाहिलं. हरणांची होती. त्याची स्वतःची होती.

आर्लिसनं पुन्हा मचाण मागितलं नाही. ते टोक त्याच्याच टेबलावर राहिलं. दोघांपैकी कुणीही ते भिंतीला ठोकलं नाही.

आता एप्रिल आहे. ओकला पालवी आली आहे, खोड फुगायला लागलं आहे. पट्टे अजून सोडायचे राहिले आहेत.